डिस्ट्रिब्युटेड कॅशमधली फाइल नेटिव्ह कोडमधून कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: हडूप क्लस्टरवर, म्हणजे अनेक मशीनवर मिळून मोठा डेटा हाताळणाऱ्या यंत्रणेवर, पाइप्स (हडूपमध्ये सी प्लस प्लसचा कोड चालवण्याची सोय) वापरून सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला मॅपर, म्हणजे इनपुटचा एकेक रेकॉर्ड हाताळणारा कोड, चालवायचा आहे. जॉबच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे टास्कला, सुमारे दोन जीबीचा शब्दकोश लागतो आणि तो डिस्ट्रिब्युटेड कॅशमध्ये, म्हणजे लागणाऱ्या फाइली प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) पोचवणाऱ्या सोयीत, टाकला आहे. जावामध्ये कॅशमधल्या फाइलींची यादी देणारी तयार मेथड आहे, पण पाइप्सच्या सी प्लस प्लस हेडरमध्ये तसं काहीच सापडत नाही. मग फाइलचा पाथ कुठून आणायचा? त्यासाठी जेएनआयचा (जावा आणि नेटिव्ह कोड जोडणाऱ्या इंटरफेसचा) पूल बांधावा लागेल का, की लिबएचडीएफएस ही लायब्ररी वापरून कोश थेट एचडीएफएसमधून, म्हणजे हडूपच्या सामायिक फाइलसिस्टिममधून, वाचावा?

दोन्हींची गरज नाही. तुमचा मॅपर सुरू होण्याआधीच कोश त्या नोडच्या लोकल डिस्कवर उतरलेला असतो आणि टास्कच्या वर्किंग डिरेक्टरीत त्याच्या नावाची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) तयार असते. पुढे कोणताही पाथ न जोडता ‘कोश.बिन’ एवढं नाव द्यायचं आणि नेहमीच्या ओपन कॉलने फाइल उघडायची. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं. पण हे का चालतं ते कळलं नाही तर पहिल्याच अडचणीला माणूस पुन्हा पाथ शोधू लागतो. शिवाय दोन जीबीची फाइल म्हटली की ती उघडण्यापेक्षा मेमरीत कशी ठेवायची हा प्रश्न मोठा होतो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी यार्नवर, म्हणजे नोडवरची मेमरी आणि जागा टास्कना वाटून देणाऱ्या हडूपच्या भागात, काय घडतं ते पाहू. जॉब सबमिट करताना कॅशमधल्या प्रत्येक फाइलचा एचडीएफएसवरचा पाथ, तिचा आकार आणि ती शेवटची बदलल्याची वेळ जॉबच्या कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवली जाते. एखाद्या नोडवर त्या जॉबचा कंटेनर (टास्कसाठी राखलेला मेमरीचा आणि सीपीयूचा वाटा) यायचा असला की तिथला नोडमॅनेजर, म्हणजे त्या नोडवर यार्नचं काम पाहणारा प्रोग्रॅम, फाइल एचडीएफएसमधून आपल्या लोकल डिस्कवर आणतो. याला लोकलायझेशन म्हणतात. फाइल ‘फाइलकॅश’ नावाच्या डिरेक्टरीखाली, नुसता आकडा हेच नाव असलेल्या एका स्वतंत्र डिरेक्टरीत जाते. नोडला पाच-सहा डिस्क असतील तर ती कुठल्या डिस्कवर जाईल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे पाथ कोडमध्ये पक्का लिहून ठेवण्यात अर्थ नाही. फाइल उतरली की कंटेनर सुरू करणारी स्क्रिप्ट वर्किंग डिरेक्टरीत त्या फाइलची सिमलिंक करते आणि मग जावाची टास्क प्रोसेस सुरू होते. पाइप्समध्ये हीच जावा प्रोसेस तुमचा सी प्लस प्लस प्रोग्रॅम चाइल्ड प्रोसेस म्हणून चालवते. चाइल्डला पेरेंटची वर्किंग डिरेक्टरी आपोआप मिळते, हा युनिक्सचा जुना नियम. जावाला जी लिंक दिसते तीच तुमच्या प्रोग्रॅमलाही दिसते. स्ट्रीमिंगमध्येही, म्हणजे कोणताही प्रोग्रॅम स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून मॅपर म्हणून चालवण्याच्या पद्धतीतही, साखळी हीच आहे.

लिंकचं नाव तुम्ही ठरवायचं. जॉब सबमिट करण्याच्या कमांडमधल्या ‘-फाइल्स’ या पर्यायाला एचडीएफएसचा पूर्ण पाथ द्या आणि शेवटी हॅश चिन्ह टाकून हवं ते नाव लिहा: ‘/सामायिक/कोश/कोश-०३.बिन#कोश.बिन’. हॅशनंतरचं नाव दिलं नाही तर मूळ फाइलचंच नाव लिंकला लागतं. तरीही नाव द्यावंच असं मी म्हणेन. त्यामुळे उद्या कोशाची चौथी आवृत्ती आली तर फक्त सबमिट करण्याची ओळ बदलते, सी प्लस प्लस प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. वेगवेगळ्या डिरेक्टरींतल्या एकाच नावाच्या दोन फाइली कॅशमध्ये टाकल्या की लिंकच्या नावांची टक्कर होते, तीही याने टळते.

जुन्या लेखांत एक वेगळी गोष्ट वाचायला मिळते. हडूपच्या पहिल्या पिढीत, म्हणजे यार्नच्या आधीच्या टास्कट्रॅकरच्या काळात, प्रोग्रॅममधून कॅशमध्ये फाइल टाकली तर सिमलिंक आपोआप होत नसे. ‘मॅपरेड.क्रिएट.सिमलिंक’ ही प्रॉपर्टी ‘येस’ करावी लागे किंवा डिस्ट्रिब्युटेडकॅश क्लासची क्रिएटसिमलिंक मेथड बोलवावी लागे. हडूप २ पासून लिंक नेहमीच होते आणि तो क्लासही डेप्रिकेटेड आहे. आता जॉब क्लासच्या ॲडकॅशफाइल आणि ॲडकॅशआर्काइव्ह या मेथड वापरायच्या. जुन्या लेखातला सल्ला नव्या क्लस्टरवर लावल्याने बिघडत काही नाही, पण त्यातली प्रॉपर्टींची नावं उचलू नका. कारण लगेच पुढे सांगतो.

लिंकऐवजी पाथच हवा असेल तर तोही मिळतो. पाइप्समध्ये जावाची बाजू जॉबचं सगळं कॉन्फिगरेशन सॉकेटवरून सी प्लस प्लसच्या बाजूला पाठवते. मॅपरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये टास्ककॉन्टेक्स्ट येतो, त्याच्याकडून जॉबकॉन्फ (कॉन्फिगरेशनचा ऑब्जेक्ट) घ्यायचा आणि ‘मॅपरेड्यूस.जॉब.कॅश.लोकल.फाइल्स’ या नावाची किंमत वाचायची. लोकल पाथांची स्वल्पविरामांनी जोडलेली यादी मिळते. या वाटेवर दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा यादीच्या क्रमाचा. पाइप्सचा तुमचा एक्झिक्यूटेबलसुद्धा नोडपर्यंत याच कॅशमधून जातो. सबमिट करणारा कोड त्याला यादीत सर्वांत पुढे घालतो आणि टास्कच्या वेळी जावाची बाजू यादीतली पहिली फाइल हाच प्रोग्रॅम मानून चालवते. म्हणजे शून्याव्या जागेवर तुमचा स्वतःचा बायनरी असतो, कोश त्याच्यानंतर. शून्यावी फाइल कोश म्हणून उघडली तर एररसुद्धा येत नाही. फाइल उघडते, वाचता येते, फक्त आतला मजकूर निरर्थक असतो. अशी चूक शोधायला फार वेळ जातो. म्हणून कोशाच्या फाइलीत सुरुवातीला चार-आठ बाइटची ओळखखूण आणि फॉरमॅटची आवृत्ती ठेवा, उघडल्याबरोबर ती तपासा आणि जुळली नाही तर टास्क तिथेच स्पष्ट संदेश देऊन पाडा.

दुसरा खड्डा नावांचा. जावाच्या कॉन्फिगरेशन क्लासला जुनी आणि नवी नावं एकमेकांशी जोडलेली माहीत असतात, त्यामुळे ‘मॅपरेड.कॅश.लोकलफाइल्स’ असं जुनं नाव विचारलं तरी जावात उत्तर येतं. सी प्लस प्लसच्या बाजूला मात्र साधा मॅप आहे. तिथे जे नाव पाठवलं गेलं तेवढंच सापडतं. नाव नसेल तर गेट मेथड एक्सेप्शन फेकते आणि टास्क पडतं. आधी हॅजकी विचारायची सवय ठेवा. मी स्वतः या यादीच्या वाटेला जात नाही. लिंकचं नाव स्वतःच्या एका प्रॉपर्टीत ठेवतो, सबमिट करताना ‘-डी’ने देतो आणि मॅपरमध्ये तीच प्रॉपर्टी वाचतो. त्यात क्रमाची भानगड राहत नाही आणि चाचणीच्या वेळी छोटा कोश द्यायलाही सोपं जातं.

स्ट्रीमिंगमध्ये जॉबकॉन्फ नसतो. तिथे कॉन्फिगरेशनची प्रत्येक प्रॉपर्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होऊन येते आणि नावातल्या टिंबांच्या जागी अंडरस्कोर लागतो. सी भाषेत गेटएन्व्हने ती वाचता येते. इनपुट फाइलींची यादी फार लांब असेल तर हे सगळं एन्व्हायर्नमेंट मिळून कर्नलची मर्यादा ओलांडतं आणि मॅपर सुरूच होत नाही. लॉगमध्ये ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ दिसतं. अशा वेळी ‘स्ट्रीम.जॉबकॉन्फ.ट्रंकेट.लिमिट’ ही प्रॉपर्टी २०००० ठेवली की लांबलचक किमती छाटल्या जातात. डीफॉल्ट -१ आहे, म्हणजे छाटणी नाही. तुम्ही लिंकच्या नावावर विसंबला असाल तर छाटणीने तुमचं काही बिघडत नाही. यादीतला पाथ वाचत असाल तर तोच मधे तुटलेला मिळू शकतो.

आता मेमरीकडे वळतो. या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

समजा एका नोडवर एका वेळी १६ टास्क चालतात. प्रत्येकाने दोन जीबीचा कोश वाचून आपल्या हीपमध्ये, म्हणजे स्वतःच्या मेमरीत, हॅश टेबल बांधलं तर नोडची ३२ जीबी मेमरी एकाच माहितीच्या १६ प्रतींत जाते. हॅश टेबलचा स्वतःचा पसारा धरला तर त्याहूनही जास्त. शिवाय प्रत्येक टास्कला सुरुवातीला हे टेबल बांधण्यात मिनिटं घालवावी लागतात. टेक्स्ट फाइल ओळीओळीने पार्स करून ते बांधत असाल तर टास्कने काहीच प्रगती कळवली नाही म्हणून ते मारलं जाण्याचीही शक्यता असते. त्या टाइमआउटची डीफॉल्ट मर्यादा ६००००० मिलिसेकंद, म्हणजे १० मिनिटं आहे.

नेटिव्ह कोडकडे याला फार चांगला उपाय आहे: एममॅप, म्हणजे फाइल कॉपी न करता थेट प्रोसेसच्या मेमरीच्या पत्त्यांना जोडून देणारा कॉल. त्या १६ टास्कच्या १६ वर्किंग डिरेक्टरींत १६ सिमलिंक असतात, पण त्या सगळ्या नोडवरच्या एकाच लोकल फाइलकडे बोट दाखवतात. कर्नलची पेज कॅश (डिस्कवरून वाचलेली पानं मेमरीत ठेवणारी सोय) फाइलच्या आयनोडवर, म्हणजे फाइलसिस्टिममधल्या तिच्या मूळ नोंदीवर, चालते. त्यामुळे सगळ्यांनी ती फाइल फक्त वाचण्यासाठी मॅप केली तर प्रत्यक्ष मेमरीत तिची एकच प्रत राहते. ३२ जीबीच्या जागी फार तर दोन, आणि तीही वापरलेल्या पानांपुरतीच. पहिल्या टास्कने डिस्कवरून आणलेली पानं पुढच्या टास्कला आयती मिळतात, म्हणून दुसऱ्या फेरीतली टास्क जवळजवळ लगेच कामाला लागतात. जावामध्येही मॅप्डबाइटबफर आहे, पण एका बफरला दोन जीबीची मर्यादा पडते आणि मोठी फाइल तुकड्यांत मॅप करावी लागते. सी प्लस प्लसमध्ये ६४ बिटच्या प्रोसेसला तो त्रास नाही. क्लस्टरवर नेटिव्ह कोड नेण्याची खटपट मला तरी या कारणासाठीच सर्वांत जास्त सार्थकी लागलेली वाटते.

अर्थात त्यासाठी फाइल मॅप केल्याबरोबर वापरता येईल अशा रूपात हवी. आत पॉइंटर नकोत, फाइलच्या सुरुवातीपासूनचे ऑफसेट हवेत. शब्द क्रमाने लावलेले असतील तर बायनरी सर्च पुरतो. कोश मोठा असेल तर ट्राय (अक्षराअक्षराने शब्द शोधण्याची झाडासारखी रचना) किंवा आधीच बांधून ठेवलेलं हॅश टेबल घ्यावं. स्वतः फॉरमॅट लिहायचा नसेल तर मारिसा-ट्राय या तयार लायब्ररीची फाइल मॅप करून वापरता येते. डी. जे. बर्नस्टीन यांचा सीडीबी हा न बदलणारा डेटाबेसही साधा आणि भरवशाचा आहे, मात्र त्याच्या मूळ फॉरमॅटची फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही. बांधणीचं काम एकदाच, जॉबच्या बाहेर करायचं आणि तयार फाइल कॅशमध्ये टाकायची. मॅपिंग मॅपरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये करा, मॅप मेथडमध्ये नाही, कारण ती प्रत्येक रेकॉर्डला बोलवली जाते. शोध विस्कळीत क्रमाने होणार असतील तर एमअ‍ॅडव्हाइजने कर्नलला तसं कळवा, नाहीतर कर्नल शेजारची पानं उगाच पुढे वाचत बसतो.

मेमरी वाचवली म्हणून आनंदात असताना यार्न कंटेनर मारून टाकतो. ही तक्रार मी वारंवार ऐकली आहे, आणि कारण बहुतेक वेळा यार्नच्या मोजणीत असतं. नोडमॅनेजर कंटेनरमधल्या सगळ्या प्रोसेसची मेमरी एकत्र मोजतो: जावाची टास्क प्रोसेस आणि तिने सुरू केलेला तुमचा सी प्लस प्लस प्रोग्रॅम, दोन्ही. त्यातही दोन मोजमापं आहेत. व्हर्च्युअल मेमरीची मर्यादा कंटेनरला दिलेल्या मेमरीच्या २.१ पट असते, हे डीफॉल्ट आहे. एक जीबीच्या कंटेनरमध्ये दोन जीबीची फाइल मॅप केली की जावाची व्हर्च्युअल मेमरी धरून ही मर्यादा त्याच क्षणी ओलांडली जाते, एकही पान प्रत्यक्ष वाचलं नसलं तरी. क्लस्टर चालवणाऱ्यांशी बोलून ‘यार्न.नोडमॅनेजर.व्हीमेम-चेक-एनेबल्ड’ बंद करून घ्या किंवा ते गुणोत्तर वाढवून घ्या. मोठ्या फाइली मॅप करणाऱ्या कामांसाठी व्हर्च्युअल मेमरीची तपासणी मला निरुपयोगी वाटते.

फिजिकल मेमरीची गोष्ट जरा अवघड आहे. डीफॉल्ट मोजणी प्रॉक फाइलसिस्टिममधल्या (कर्नल जिथे प्रोसेसची माहिती दाखवतो तिथल्या) ‘स्टॅट’ फाइलीतून होते आणि तिथला आकडा सामायिक पानंही प्रत्येक प्रोसेसच्या नावावर लावतो. १६ टास्कनी मिळून दोन जीबी वापरले तरी प्रत्येकाच्या खात्यावर दोन-दोन जीबी पडू शकतात. यावर यार्नमध्येच एक सेटिंग आहे: ‘यार्न.नोडमॅनेजर.कंटेनर-मॉनिटर.प्रॉकएफएस-ट्री.स्मॅप्स-बेस्ड-आरएसएस.एनेबल्ड’. डीफॉल्ट ‘फॉल्स’ आहे. ते सुरू केलं की मोजणी ‘स्मॅप्स’ फाइलीतून होते आणि फक्त वाचण्यासाठी सामायिक केलेले भाग हिशेबातून वगळले जातात. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. वगळले जातात ते भाग ज्यांच्या परमिशनमध्ये शेवटी ‘एस’ असतो, म्हणजे मॅप करताना ‘मॅप_शेअर्ड’ दिलेलं असतं. अनेक जण फक्त वाचायचं आहे म्हणून सवयीने ‘मॅप_प्रायव्हेट’ देतात. पानं त्यातही सामायिकच राहतात, पण या नियमाने तो भाग वगळला जात नाही. तेव्हा ‘प्रॉट_रीड’ आणि ‘मॅप_शेअर्ड’ अशी जोडी द्या.

हे सेटिंग बदलून मिळणं शक्य नसेल तर कंटेनरला कोश मावेल एवढी मेमरी मागा आणि जावाच्या हीपची मर्यादा लहान ठेवा. पाइप्समध्ये जावाची बाजू मुख्यतः रेकॉर्ड इकडून तिकडे देण्याचं काम करते. तिला मोठी हीप देऊन ठेवणं म्हणजे सी प्लस प्लसच्या वाट्याची जागा अडवणं.

कोश एचडीएफएसवर कुठे आणि कसा ठेवता यावरही बरंच काही ठरतं. ‘-फाइल्स’ला तुमच्या मशीनवरचा लोकल पाथ दिला तर फाइल प्रत्येक जॉबसाठी एचडीएफएसवरच्या तुमच्या स्टेजिंग (जॉबपुरत्या) डिरेक्टरीत नव्याने चढवली जाते. जॉब वेगळा, म्हणून पाथ वेगळा, म्हणून नोडमॅनेजरच्या लेखी ती वेगळी फाइल. २०० नोडच्या क्लस्टरवर दोन जीबीचा कोश असा पाठवला तर प्रत्येक जॉबला ४०० जीबीची वाहतूक होते आणि तासाला एक जॉब चालवणारा तीच वाहतूक दर तासाला नव्याने करतो. तीच फाइल एचडीएफएसवर कायमच्या जागी ठेवून तो पाथ दिला तर ती नोडवर एकदाच उतरते आणि पुढचे जॉब तीच प्रत वापरतात. हा बदल एका ओळीचा आहे आणि त्याचा फायदा इतका मोठा आहे की कुणाचीही सबमिट स्क्रिप्ट हातात आली की मी सर्वांत आधी ही ओळ पाहतो.

प्रत कोणाकोणात वाटली जाईल हे परमिशनवर ठरतं. फाइल सर्वांना वाचता येत असेल आणि तिच्यापर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीवर इतरांसाठी एक्झिक्यूट परमिशन असेल तर ती पब्लिक धरली जाते आणि नोडवरच्या सगळ्या युजरच्या जॉबना एकच प्रत पुरते. मधली एक डिरेक्टरी जरी बंद असली तरी फाइल प्रायव्हेट होते. मग ती फक्त तुमच्याच जॉबमध्ये वाटली जाते आणि दुसऱ्या युजरसाठी दुसरी प्रत उतरते. दोन प्रती म्हणजे दोन आयनोड, म्हणजे पेज कॅशमध्येही दोन प्रती. एममॅपचा फायदा चार जणांच्या टीममध्ये खरोखर वाटून घ्यायचा असेल तर कोश स्वतःच्या होम डिरेक्टरीत ठेवू नका. रेप्लिकेशनही, म्हणजे एचडीएफएस फाइलच्या किती प्रती ठेवतं ती संख्याही, वाढवा. जॉबबरोबर चढवल्या जाणाऱ्या फाइलींना हडूप डीफॉल्टने १० प्रती देतं, पण तुम्ही हाताने ठेवलेल्या फाइलीला क्लस्टरची नेहमीची संख्या मिळते, बहुधा ३. शेकडो नोड एकाच वेळी त्या तीन प्रतींवर तुटून पडले की लोकलायझेशनच रेंगाळतं. एचडीएफएसच्या सेटरेप कमांडने ही संख्या वाढवता येते.

एकदा ठेवलेली फाइल तिथल्या तिथे बदलू नका. सबमिट करताना नोंदवलेली वेळ आणि एचडीएफएसवरची वेळ जुळली नाही तर ज्या नोडवर फाइल अजून उतरायची आहे तिथे लोकलायझेशन फेल होतं आणि अर्धा झालेला जॉब पडतो. नव्या आवृत्तीला नवं नाव द्या, जुनी फाइल तिच्यावरचे जॉब संपेपर्यंत राहू द्या. नोडवरच्या जुन्या प्रतींची काळजी नोडमॅनेजर घेतो. कॅशचं एकूण आकारमान १०२४० एमबीच्या वर गेलं की कोणीही न वापरत असलेल्या फाइली तो काढून टाकतो. ही तपासणी डीफॉल्टने दर १० मिनिटांनी होते. चालू कंटेनर वापरत असलेली फाइल काढली जात नाही. पण तुमच्या सगळ्या कोशांची बेरीज दहा जीबीच्या आसपास जात असेल तर दोन जॉबच्या मधल्या वेळात ते काढले जातील आणि पुन्हा उतरवावे लागतील. तेव्हा ही मर्यादा वाढवून घेणं बरं.

उतरलेल्या फाइलीवर लिहिण्याची परमिशन नसते आणि ते योग्यच आहे, कारण ती इतरांचीही फाइल आहे. वाचण्या-लिहिण्यासाठी म्हणून उघडायला गेलात तर ‘परमिशन डिनाइड’ मिळेल. स्वतःच्या कोडमध्ये हे लगेच दिसतं, लायब्ररीच्या पोटात दिसत नाही. एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल कॅशमध्ये ठेवत असाल तर ती ‘इम्युटेबल=१’ देऊन उघडा. मग लायब्ररी लॉकच्या आणि जर्नलच्या मागे लागत नाही.

तुमचा नेटिव्ह कोड पाइप्समध्ये नसून जेएनआयने जावा मॅपरमध्ये येत असेल तर कोशाबरोबर ‘.एसओ’ लायब्ररीही कॅशमधून नेता येते. हडूप २ मध्ये कंटेनरच्या ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये वर्किंग डिरेक्टरी आधीच घातलेली असते, म्हणून लिंक झाली की लायब्ररी सापडते. जावाची लोडलायब्ररी मेथड दिलेल्या नावाला स्वतःहून पुढे ‘लिब’ आणि मागे ‘.एसओ’ जोडते. हॅशनंतरचं नाव ‘लिबकोश.एसओ’ ठेवा आणि मेथडला फक्त ‘कोश’ द्या. कोणी टास्कच्या जावा पर्यायांत ‘जावा.लायब्ररी.पाथ’ स्वतंत्रपणे दिला असेल तर जावाचा शोध तिथेच मर्यादित होतो. अशा वेळी लायब्ररी समोर असून सापडत नाही. फाइल मात्र सी प्लस प्लसमधून त्याच साध्या नावाने उघडते, जावाकडून पाथ पास करण्याची गरज इथेही नाही.

लायब्ररीला दुसऱ्या लायब्ररी लागत असतील तर त्या सुट्या सुट्या पाठवू नका. मघाशी सांगितलं तसं प्रत्येक फाइल लोकल डिस्कवर आपापल्या वेगळ्या डिरेक्टरीत उतरते. लिंकर ‘डॉलर ओरिजिन’चा (प्रोग्रॅम जिथे आहे ती डिरेक्टरी) अर्थ लावताना एक्झिक्यूटेबलची खरी जागा पाहतो, सिमलिंकची नाही. म्हणून ‘माझ्या शेजारच्या लिब डिरेक्टरीत बघ’ असं आरपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या प्रोग्रॅममधल्या नोंदीत) लिहिलेलं असलं तरी शेजारी काहीच नसतं. प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ररी आणि छोट्या डेटा फाइली एका ‘टार.जीझेड’मध्ये बांधून ‘-आर्काइव्ह्ज’ने पाठवा. नोडवर ते आपोआप उघडलं जातं आणि हॅशनंतरच्या नावाची डिरेक्टरी दिसते. टारच्या आत सर्वांत वर एखादी डिरेक्टरी असेल तर तीही पाथमध्ये धरावी लागते, हे बरेचदा सुटतं. स्ट्रीमिंगसाठी ही पद्धत उत्तम आहे. बिल्ड मात्र क्लस्टरवरच्या सर्वांत जुन्या लिनक्सवर करा. लॅपटॉपवरच्या नव्या जीलिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेला प्रोग्रॅम जुन्या नोडवर सुरूच होत नाही.

लिबएचडीएफएसबद्दल विचारलं आहे म्हणून सांगतो. ती सी मधली लायब्ररी आहे, पण आतून जेएनआयने जावाच बोलावते. पाइप्सच्या प्रोग्रॅममध्ये ती वापरली तर त्या चाइल्ड प्रोसेसमध्ये आणखी एक जेव्हीएम (जावाचं व्हर्च्युअल मशीन) उभं राहतं, तेही प्रत्येक टास्कमागे. क्लासपाथमध्ये तारांकित नावं तशीच चालत नाहीत, ती ‘हडूप क्लासपाथ --ग्लोब’ने उलगडून द्यावी लागतात. आणि इतकं करून प्रत्येक टास्क दोन जीबी स्वतंत्रपणे, बहुधा नेटवर्कवरून, वाचणार, साधा एममॅप तर शक्यच नाही. एचडीएफएसवर काही लिहायचं असेल किंवा प्रचंड फाइलीतला छोटासा तुकडा हवा असेल तर लिबएचडीएफएस जरूर वापरा. सगळ्या टास्कना लागणाऱ्या सामायिक फाइलीसाठी नको. एचडीएफएसची सेंट्रलाइज्ड कॅश, जी २.३.० मध्ये आली, तीही वेगळी गोष्ट आहे. ती डेटानोडच्या (एचडीएफएसचा डेटा साठवणाऱ्या नोडच्या) मेमरीत फाइलींचे ब्लॉक पकडून ठेवते, तुमच्या वर्किंग डिरेक्टरीत काही आणत नाही.

स्पार्कवर, म्हणजे मोठा डेटा हाताळण्याच्या दुसऱ्या यंत्रणेवर, हाच मॅपर न्यायचा झाला तर यार्नवर ‘--फाइल्स’ आणि ‘--आर्काइव्ह्ज’ हे पर्याय त्याच यंत्रणेतून जातात, हॅशचं नावही चालतं आणि फाइल एक्झिक्यूटरच्या (नोडवर टास्क चालवणाऱ्या स्पार्कच्या प्रोसेसच्या) वर्किंग डिरेक्टरीत येते. आरडीडीच्या (स्पार्कमधल्या वाटलेल्या डेटासंचाच्या) पाइप मेथडने सुरू केलेल्या बाहेरच्या प्रोग्रॅमला ती साध्या नावाने दिसते. ॲडफाइल वापरत असाल तर पाथ स्पार्कफाइल्सच्या गेट मेथडकडून घ्यावा लागतो, आणि तो एक्झिक्यूटरवर चालणाऱ्या कोडमध्येच घ्यायचा. ड्रायव्हरवर (जॉबची सूत्रं हलवणाऱ्या मुख्य प्रोसेसमध्ये) घेतलेला पाथ ड्रायव्हरच्या मशीनचा असतो.

एवढं करूनही फाइल सापडत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, कंटेनरची डिरेक्टरीच पाहा. एरवी टास्क संपताच ती पुसली जाते. चाचणीच्या एखाद्या नोडवर ‘यार्न.नोडमॅनेजर.डिलीट.डीबग-डिले-सेक’ ६०० केलं तर दहा मिनिटं राहते. तिथली ‘लाँच_कंटेनर.एसएच’ उघडा. कोणत्या फाइलीची कोणत्या नावाने लिंक केली आणि ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये काय आहे हे त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. लिंकची ओळच नसेल तर चूक सबमिट करताना झाली आहे. ओळ आहे आणि फाइलही आहे, तरी प्रोग्रॅमला दिसत नसेल तर तुमच्या कोडमध्ये किंवा एखाद्या रॅपर स्क्रिप्टमध्ये चेंज डिरेक्टरीचा कॉल शोधा. पडताळणी झाली की ते सेटिंग पुन्हा ० करा, नाहीतर त्या नोडची लोकल डिस्क भरत जाते.